दोन टप्प्यांमधील काळ : नवजातांच्या जटिल हृदयदोषांवरील टप्पेवार उपचारांचा इतिहास आणि मालेगाव (जि. वाशिम)

प्रास्ताविक

जन्मजात हृदयदोषांवरील शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा शल्यविशारदांच्या नावांनी लिहिला जातो. ब्लॅलॉक, ग्लेन, फाँटन, नॉरवुड ही नावे शस्त्रक्रियांनाच चिकटली असल्यामुळे एक शस्त्रक्रिया संपली की इतिहास थेट पुढच्या शस्त्रक्रियेकडे वळतो. एखाद्या बाळाच्या आयुष्यात मात्र पहिली शस्त्रक्रिया आणि दुसरी शस्त्रक्रिया यांच्यामध्ये काही महिने असतात, दुसरी आणि तिसरी यांच्यामध्ये काही वर्षे असतात. हा काळ रुग्णालयात जात नाही; तो घरी जातो. जटिल हृदयदोषाचे बाळ वाचणे किंवा न वाचणे पुष्कळदा याच काळात ठरते. प्रस्तुत लेखात टप्पेवार उपचारांच्या इतिहासाकडे या मधल्या काळाच्या बाजूने, आणि वाशिम जिल्ह्यातील मालेगाव या तालुक्याच्या ठिकाणाहून पाहिले आहे.

मालेगाव म्हटले की वाचकाच्या मनात प्रथम नाशिक जिल्ह्यातील यंत्रमागांचे शहर येते. येथे अभिप्रेत असलेले मालेगाव, म्हणजे जुन्या नोंदींतील मालेगाव जहांगीर, हे अकोला-वाशिम रस्त्यावरील तालुक्याचे गाव होय. अकोल्याहून निघालेला रस्ता पातूरचा घाट चढून मेडशीमार्गे येथे येतो. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा झाला, तेव्हा हा तालुका नव्या जिल्ह्यात आला. २०१८ मध्ये केंद्र शासनाने आकांक्षित जिल्हे जाहीर केले, त्या यादीत महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत वाशिम होता. हृदयशस्त्रक्रियेच्या इतिहासात अशा गावाचे नाव कोठेही येणार नाही. पण ज्या उपचाराचा मोठा भाग रुग्णालयाबाहेर घडतो, त्याचा इतिहास रुग्णालयाच्या दाराशी संपवणेही योग्य ठरत नाही.

निळ्या बाळांचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकापर्यंत जन्मजात हृदयदोष हा शवविच्छेदनाच्या टेबलावरचा विषय होता. १८८८ मध्ये फ्रान्समधील एत्येन-लुई फॅलो यांनी 'निळ्या आजारा'तील चार दोषांचा संच वर्णन केला. १९३६ मध्ये कॅनडाच्या मॉड ॲबट यांनी एक हजार रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला हृदयदोषांचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. दोघांच्याही हाती वर्गीकरण होते, उपाय नव्हता. १९३८ मध्ये बोस्टन येथे रॉबर्ट ग्रॉस यांनी सात वर्षांच्या मुलीची डक्टस आर्टेरिओसस बांधली. गर्भावस्थेत फुफ्फुसधमनी आणि महाधमनी यांना जोडणारी ही लहान वाहिनी जन्मानंतर बंद व्हावयास हवी. या मुलीत ती उघडी राहिली होती.

डक्टस बांधणे हे जसे एका मुलाचे जीवदान, तसे ती उघडी राहणे हे दुसऱ्या मुलाचे जीवदान असू शकते, हे ओळखण्याचे श्रेय बाल्टिमोरच्या हेलन टॉसिग यांचे. फुफ्फुसांकडे रक्त कमी जाणाऱ्या बाळांची प्रकृती डक्टस मिटताच खालावते, असे त्यांचे निरीक्षण होते. मग कृत्रिम डक्टस का करू नये, हा त्यांचा प्रश्न होता. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी हाताकडे जाणारी धमनी फुफ्फुसधमनीला जोडली. प्रयोगशाळेत ही जोडणी प्रत्यक्षात आणणारे आणि शस्त्रक्रियेच्या वेळी ब्लॅलॉक यांच्या मागे उभे राहून सूचना देणारे व्हिव्हियन थॉमस हे कृष्णवर्णीय तंत्रज्ञ होते. त्यांना मानद डॉक्टरेट मिळण्यास १९७६ साल उजाडावे लागले, आणि शंटच्या नावात त्यांचे नाव घालण्याची पद्धत तर अगदी अलीकडची आहे.

या शस्त्रक्रियेचे स्वरूप नीट लक्षात घेतले पाहिजे. तिने हृदय दुरुस्त केले नाही. हृदयातला दोष जसाच्या तसा राहिला. केवळ फुफ्फुसांकडे जाणाऱ्या रक्ताला एक आडवाट मिळाली. त्या वेळी हृदय उघडून आत काम करण्याची सोयच नव्हती. ती पुढे आली : १९५३ मध्ये जॉन गिबन यांनी हृदय-फुफ्फुस यंत्राच्या आधारे शस्त्रक्रिया यशस्वी केली, आणि १९५४ मध्ये मिनेसोटा येथे वॉल्टन लिलेहाय यांनी फॅलोच्या दोषाची पूर्ण दुरुस्ती केली. ज्या मुलांना आधी शंट मिळाला होता, त्यांच्यातली काही या दुरुस्तीपर्यंत जगली होती. टप्पेवार उपचारांची कल्पना अशी जवळजवळ न ठरवता जन्माला आली. पहिल्या टप्प्याने दुसऱ्या टप्प्याची वाट पाहण्याची मुभा दिली, आणि तो दुसरा टप्पा कोणता असेल हे पहिल्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते.

१९५२ मध्ये मुलर आणि डॅमन यांनी उलट परिस्थितीतील बाळांसाठी, म्हणजे फुफ्फुसांकडे रक्ताचा पूर जाणाऱ्यांसाठी, फुफ्फुसधमनीभोवती पट्टी आवळण्याची युक्ती काढली. १९६६ मध्ये विल्यम रॅशकिंड यांनी शिरेतून नेलेल्या फुग्याने अलिंदांमधील पडदा फाडून रक्त मिसळण्याची सोय केली. १९७५-७६ मध्ये ऑकलंड आणि टोरंटो येथून प्रोस्टाग्लँडिन औषधाने डक्टस उघडी ठेवता येते, असे अहवाल आले. या प्रत्येक उपायाने वेळच मिळवून दिला : कोठे तासांचा, कोठे दिवसांचा, कोठे महिन्यांचा.

एकाच निलयावर जगणे

काही बाळांच्या हृदयात दोन निलयांपैकी एकच कामाचा असतो. दुसरा इतका अविकसित असतो की तो दुरुस्त करण्यासारखा नसतो. अशा हृदयाला दोन अभिसरणांचे, शरीराचे आणि फुफ्फुसांचे, काम एकट्याने रेटावे लागते. न्यू हेवन येथे विल्यम ग्लेन यांनी १९५८ मध्ये वरच्या महाशिरेतून येणारे अशुद्ध रक्त हृदयाला वळसा घालून थेट उजव्या फुफ्फुसधमनीत सोडले. सोव्हिएत संघात मेशाल्किन यांनीही १९५६ मध्ये असेच केले होते, पण शीतयुद्धाच्या काळात ते पश्चिमेत फारसे वाचले गेले नाही. १९६८ मध्ये बोर्दो येथे फ्रान्सिस फाँटन यांनी खालच्या महाशिरेचे रक्तही फुफ्फुसांकडे वळवले, आणि १९७१ मध्ये ते प्रसिद्ध केले. आता निलयाला फक्त शरीराकडे रक्त ढकलायचे होते. फुफ्फुसांतून रक्त जाणार होते ते पंपाविना, केवळ शिरांतील दाबाच्या बळावर.

येथेच टप्प्यांचे खरे कारण आहे, आणि ते शल्यविशारदाच्या कौशल्यात नसून नवजाताच्या फुफ्फुसांत आहे. जन्मानंतरचे काही आठवडे फुफ्फुसांतील रक्तवाहिन्यांचा रोध जास्त असतो. शिरांच्या मंद दाबाने रक्त त्यातून पार होत नाही. म्हणून नवजाताला ग्लेन करता येत नाही. त्याला आधी शंट किंवा पट्टी द्यावी लागते, चार-सहा महिने वाढू द्यावे लागते, मग ग्लेन, आणि दोन ते चार वर्षांच्या सुमारास फाँटन. ही प्रतीक्षा रुग्णालयाच्या रांगेमुळे आलेली नाही. रांग नसती तरी थांबावेच लागले असते. थांबणे हाच उपचाराचा भाग आहे, हे पालकांना समजावणे फार कठीण असते, आणि प्रशासनाला समजावणे त्याहून कठीण.

डावा निलय आणि महाधमनी दोन्ही अविकसित असलेल्या बाळांसाठी विल्यम नॉरवुड यांनी बोस्टनमध्ये पहिला टप्पा घडवला. उजव्या निलयालाच शरीराचा पंप करायचे, महाधमनी नव्याने रचायची आणि फुफ्फुसांसाठी शंट ठेवायचा, असे हे काम आयुष्याच्या पहिल्या काही दिवसांत करावे लागते. या वाटेने फाँटनपर्यंत पोहोचलेल्या मुलाचा वृत्तान्त १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी हा दोष म्हणजे काही दिवसांत मृत्यू असेच समीकरण होते. शंटऐवजी उजव्या निलयापासून फुफ्फुसधमनीपर्यंत नळी बसवण्याचा जपानी शल्यविशारद शुन्जी सानो यांचा पर्याय २००३ मध्ये पुढे आला. अमेरिकेतील १५ केंद्रांवर ५४९ बाळांची तुलना करणारा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यारोपणाशिवाय एक वर्ष जगलेल्यांचे प्रमाण सानोच्या पद्धतीत सुमारे ७४ टक्के, तर जुन्या शंटमध्ये सुमारे ६४ टक्के होते. जगातील सर्वांत सज्ज केंद्रांतही चारांतले एक किंवा तिघांतले एक बाळ वर्षभरात हातचे जात होते, ही बाब या आकड्यांत जितकी दिसते तितकी चर्चेत येत नाही.

मुंबई, १९६८

महाराष्ट्रात हृदयशस्त्रक्रियेची पायाभरणी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांचे सहकारी यांनी १९५० च्या दशकात केली. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी सेन यांनी भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. केपटाऊनच्या प्रत्यारोपणास तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. रुग्ण काही तासांतच दगावला, तरी मुंबईच्या त्या धाडसाची नोंद जगाने घेतली. त्याच वर्षी बोर्दोत फाँटन यांची शस्त्रक्रिया झाली, आणि तिची बातमी झाली नाही. पुढील अर्धशतकात मात्र जटिल दोष घेऊन जन्मलेल्या मुलांच्या वाट्याला प्रत्यारोपणापेक्षा फाँटनच अधिक आले. इतिहासात गाजलेली घटना आणि फळलेली घटना नेहमी एकच असते असे नाही.

त्या काळात मालेगाव परिसरातील निळ्या बाळाला मुंबई गाठायची तर आधी पातूरचा घाट उतरून अकोला, मग रेल्वेने सुमारे ५८० किलोमीटर. तालुक्यातील जऊळका स्थानकावरून जाणारी पूर्णा-अकोला मीटरमापी गाडीही अकोल्यापर्यंतच उपयोगाची. ती रुंदमापी झाली २००८ मध्ये. मुंबईत उतरल्यावर राहण्याचा प्रश्न असे. वऱ्हाडातूनच निघालेल्या गाडगे महाराजांनी जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली. त्यांना रुग्णसेवेचे एक मर्म सापडले होते : उपचार फुकट असला तरी उपचाराची वाट पाहणे फुकट नसते. टप्पेवार उपचारांच्या बाबतीत हे तीनपट खरे आहे.

विदर्भातील वैद्यकीय सोयींची चर्चा सहसा अनुशेषाच्या परिभाषेत होते. प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालापासून ही भाषा रूढ झाली, आणि ती निराधार नाही. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चे, अकोल्याचे २००२ चे, वाशिमचे २०२४ चे; ही अंतरेच बोलकी आहेत. पण बालहृदयशस्त्रक्रियेपुरती ही भाषा अपुरी पडते. २०११ च्या जनगणनेत वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० होती. जन्मदर हजारी १५-१६ धरल्यास जिल्ह्यात वर्षाला १८ ते १९ हजार जन्म होतात. दर हजार जन्मांत ८ ते ९ बाळांना हृदयदोष असतो, हे जगभर मानले जाणारे प्रमाण लावल्यास दीडशेच्या आसपास बाळे येतात. त्यांपैकी सुमारे एक पंचमांशांना, म्हणजे तीसेक बाळांना, पहिल्याच वर्षी हस्तक्षेप लागेल. एका निलयावर जगणारी त्यांतली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. हा केवळ हिशेब आहे, नोंद नव्हे. तरी त्यावरून एवढे कळते की नवजातांची जटिल शस्त्रक्रिया करणारे केंद्र प्रत्येक जिल्ह्यात होऊ शकत नाही, आणि केले तरी पुरेशा सरावाअभावी ते धोक्याचे ठरेल. अंतर राहणारच आहे. प्रश्न त्या अंतराची व्यवस्था काय, हा आहे.

'छिद्र' या शब्दाचे काम

मराठी वृत्तपत्रांत आणि बोलण्यात सर्व जन्मजात हृदयदोषांना एकच नाव आहे : हृदयाला छिद्र. या शब्दाने फार मोठे काम केले. शालेय आरोग्य तपासणीत सापडलेल्या हजारो मुलांच्या पालकांना आजार कळला, तो बुजवता येतो हे कळले, आणि शस्त्रक्रियेची भीती ओसरली. पडद्यातील साधे छिद्र एकदा बंद केले की मूल बहुतेक वेळा इतर मुलांसारखेच वाढते.

हाच शब्द जटिल दोषांत दिशाभूल करतो. एकाच निलयाच्या हृदयात बुजवण्यासारखे छिद्र नसते. उलट कित्येकदा अलिंदांमधील छिद्र मुद्दाम मोठे करावे लागते, कारण त्यावरच बाळ जगत असते. शंट झालेल्या बाळाची आई गावी परतल्यावर 'ऑपरेशन झाले, छिद्र बुजले' असे सांगते, तेव्हा ती खोटे बोलत नाही; तिला मिळालेल्या शब्दात दुसरा अर्थ मावत नाही. बाळाचा रंग सुधारलेला असतो, ते दूध नीट ओढू लागलेले असते. अशा वेळी सहा महिन्यांनी पुन्हा छाती उघडायची आहे, हे घरातील वडीलधाऱ्यांना पटवून देणे सोपे राहत नाही.

आणखी एक शब्द पहिल्याच पायरीवर आडवा येतो. विदर्भाच्या ग्रामीण भागात लहान मुलाच्या पोटा-छातीच्या जोरजोरात हलण्याला 'डब्बा' म्हणतात. हृदयदोषाने धापणारे बाळही डब्ब्याचेच समजले जाते. त्याला न्यूमोनियाचे औषध मिळते, कधी नुसता शेक मिळतो. दूध पिताना थांबून थांबून पिणे आणि कपाळावर घाम येणे ही दोन लक्षणे हृदयाकडे बोट दाखवतात. ती आईने पाहिलेली असतात, पण विचारणारा लागतो.

घड्याळ आणि दिनदर्शिका

श्वास मोजण्याची विद्या गावापर्यंत नेण्याचे काम विदर्भातच झाले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील साध्या शिक्षित स्त्रियांना नवजाताची घरोघर तपासणी शिकवली. नवजात मृत्यूंत सुमारे ६२ टक्के घट झाल्याचा त्यांचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यातून देशात २०११ पासून आशा कार्यकर्तीमार्फत नवजाताच्या गृहभेटी सुरू झाल्या. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी होतात. या भेटी जंतुसंसर्ग, थंडावा आणि कमी वजन यांसाठी आखल्या होत्या. हृदय कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हते. तथापि डक्टस सामान्यतः पहिल्या दोन-तीन दिवसांत मिटू लागते, आणि तिच्यावर अवलंबून असलेली बाळे पहिल्या आठवड्यातच ढासळतात. तिसऱ्या आणि सातव्या दिवसाची भेट ही नेमकी त्याच काळात पडते. मिनिटाला साठच्या वर श्वास हा निकषही दोन्हींकडे एकच. योगायोगाने का होईना, ग्रामीण व्यवस्थेतील सर्वांत कमी मानधनाच्या कार्यकर्तीच्या हाती हृदयदोषाच्या घड्याळाशी जुळणारे वेळापत्रक आले आहे. तिच्या पिशवीत पायाच्या बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे लहान उपकरण असते, तर ही भेट दोषाचा संशय ओळखण्याची ठरू शकली असती. अमेरिकेत नवजातांची अशी तपासणी २०११ पासून शिफारशीत आहे. ती फार विशेष कौशल्य मागत नाही, पण थोडे प्रशिक्षण मागते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. तीस आजारांच्या त्याच्या यादीत जन्मजात हृदयदोष आहे. सहा आठवडे ते सहा वर्षांच्या मुलांची तपासणी अंगणवाडीत वर्षातून दोनदा, पुढे शाळेत वर्षातून एकदा, अशी त्याची रचना आहे. पडद्यातील छिद्र शोधण्यास ही रचना पुरेशी आहे. ते बाळ काही महिने वाट पाहू शकते. डक्टसवर जगणारे बाळ अंगणवाडीच्या यादीत नाव लागण्यापूर्वीच गेलेले असते. एका निलयाचे जे बाळ पहिल्या टप्प्यातून वाचते, त्याच्या ग्लेनची मुदत आणि अंगणवाडीतील फेरी यांचा मेळ बसेलच असे नाही. शिवाय तालुक्यातील अनेक कुटुंबे, विशेषतः तांड्यांवरील, दिवाळीनंतर ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर किंवा पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर जातात. सोयाबीन निघाल्यावर जन्मलेल्या आणि शंट झालेल्या बाळाचा सहावा महिना वैशाखात येतो. तेव्हा कुटुंब नुकते परतलेले असते किंवा अजून परतायचे असते. बाळाची नोंद एका गावच्या वहीत, मुक्काम दुसऱ्या जिल्ह्यात.

पैशाच्या बाजूने १९९७ ची जीवनदायी योजना हा पहिला टप्पा. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. शेजारचा अमरावती त्यांत होता, वाशिम नव्हता. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर झाली, आणि २०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने चालू आहे. २०२३ मध्ये संरक्षणाची मर्यादा ५ लाख रुपये करण्याचा निर्णय झाला. आरंभीच्या ९७१ उपचारांबरोबर १२१ पाठपुरावा उपचारही यादीत होते, ही गोष्ट दूरदृष्टीची होती. या योजनांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. त्यांच्याविना मालेगावच्या शेतमजुराच्या मुलाची शंट शस्त्रक्रिया कल्पनेतही आली नसती. पण योजनेचे एकक उपचार आहे, मूल नव्हे. शंटचा दावा मंजूर होऊन रक्कम अदा झाली की प्रकरण बंद होते. सहा महिन्यांनी तेच मूल ग्लेनसाठी आले तर नवे प्रकरण उघडते. न आले तर काहीच उघडत नाही, आणि कोणाच्या टेबलावर काही अडून राहत नाही. केरळने २०१७ मध्ये 'हृद्यम' कार्यक्रमात संगणकीय नोंदवही सुरू केली. तीत प्रथम मुलाची नोंद होते, तातडी ठरते आणि मग रुग्णालय ठरते. न आलेले मूल दिसण्यासाठी अशा वहीची गरज असते. महाराष्ट्राकडे निधी, यंत्रणा आणि अनुभव तिन्ही आहेत. मुलाच्या नावाने चालणारी अशी वही मात्र प्रत्येक तालुक्यापर्यंत पोहोचायला हवी.

घरी काय घडते

शंट म्हणजे साधारण साडेतीन मिलिमीटर व्यासाची कृत्रिम नळी. १९८१ मध्ये लंडनच्या मार्क डी लेव्हाल यांच्या निबंधापासून तिचा वापर रूढ झाला. बाळाचे आयुष्य या नळीतून वाहते. ती तुंबू नये म्हणून ॲस्पिरिनचा अगदी छोटा अंश रोज द्यावा लागतो. जुलाब-उलट्यांनी अंगातील पाणी कमी झाले की रक्त दाट होते आणि नळी बंद पडू शकते. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांवर असतो आणि टँकरच्या पाण्याने गावात गॅस्ट्रो पसरतो. तेव्हा इतर बाळांना जे एक दिवसाचे दुखणे, ते या बाळाला प्राणावर बेतू शकते. ओआरएसची पुडी येथे हृदयाचे औषध ठरते. मालेगावच्या ग्रामीण रुग्णालयातील रात्रपाळीच्या डॉक्टरला 'हे शंटचे बाळ आहे' एवढे कळणे, हा त्या रात्री कोणत्याही अतिदक्षता विभागाइतका मोलाचा भाग असतो.

मिलवॉकी येथील नॅन्सी घनायेम आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पहिल्या टप्प्यानंतर घरी जाणाऱ्या बाळाच्या पालकांना वजनकाटा आणि प्राणवायू मोजणारे उपकरण दिले. वजन ठरावीक प्रमाणात वाढले नाही किंवा प्राणवायू ठरावीक आकड्याखाली गेला की पालकांनी फोन करायचा. मधल्या काळातील मृत्यू लक्षणीय घटले. त्यात नवे औषध नव्हते, नवी शस्त्रक्रिया नव्हती. अंगणवाडीत वजनकाटा असतोच. भारतातील अनेक केंद्रांनी परिस्थितीनुसार टप्पेच कमी केले आहेत, हेही नमूद केले पाहिजे. मूल उशिरा, काही महिन्यांचे होऊन आले तर शंट टाळून थेट ग्लेन केले जाते. उशिरा येण्याचा तोटा येथे अंशतः एका शस्त्रक्रियेच्या बचतीत फिरतो, पण हा हिशेब फक्त तोपर्यंत जगलेल्या मुलांनाच लागू होतो. नॉरवुडचा मार्ग मात्र देशात आजही मोजक्याच ठिकाणी स्वीकारला जातो.

उपचाराची ठिकाणे आता मुंबईपुरती उरलेली नाहीत. नवा रायपूर येथील श्री सत्य साई संजीवनी रुग्णालय २०१४ पासून केवळ मुलांच्या हृदयोपचारासाठी आहे, आणि तेथे शुल्क नाही. खारघरला २०१८ मध्ये त्यांचेच आणखी एक केंद्र झाले. पूर्व विदर्भातील पालकांना नागपूरच्या पुढे परराज्यातले रायपूर हे मुंबईपेक्षा जवळचे पडते. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा भाग खुला झाला, आणि तो याच तालुक्यातून जातो. नागपूर काही तासांवर आले. मात्र डक्टसवर जगणारे बाळ प्रोस्टाग्लँडिन चालू न करता त्या रस्त्यावर घालणे धोक्याचे. आणि ते औषध थंड ठेवावे लागते, सलाइनच्या पंपातून द्यावे लागते, शिवाय त्याने बाळाचा श्वास थांबू शकतो. रस्ता अंतर कमी करतो; पहिले दोन तास मात्र वाशिम-अकोल्यातच सांभाळावे लागतात. मार्च २०२० च्या टाळेबंदीत रस्ता असूनही वाटा बंद झाल्या. देशभरातील बालहृदय केंद्रांतील दाखल होणाऱ्यांची संख्या झपाट्याने घसरली. ज्यांचा दुसरा टप्पा त्या उन्हाळ्यात यायचा होता, त्या मुलांचे काय झाले हे उपचार मोजणाऱ्या नोंदीतून कळणे शक्य नाही.

फाँटननंतर

तिसऱ्या टप्प्याला 'शेवटचा' म्हणण्याची रीत आहे. स्वतः फाँटन यांनी ती मान्य केली नसती. १९९० मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी, सर्व काही अनुकूल असलेल्या रुग्णांतही वर्षांगणिक ऱ्हास होतो, असे आपल्याच शस्त्रक्रियेविरुद्ध जाणारे अनुमान प्रसिद्ध केले. अशी वैज्ञानिक सचोटी शस्त्रक्रियेच्या इतिहासात विरळा. शिरांतील दाब सतत वाढलेला राहिल्याने यकृत कठीण होऊ लागते, आतड्यांतून प्रथिने निसटतात, हृदयाचा ताल बिघडतो.

२०१०-१२ च्या सुमारास शंट झालेली विदर्भातील मुले आता किशोरवयात आली आहेत. शालेय मैदानावर ती मागे राहिली असतील, लग्नाच्या वयात मुलींना गर्भारपणाविषयी कठीण प्रश्न विचारले जातील. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची मर्यादा अठराव्या वर्षी संपते. यकृताच्या नियमित तपासणीची निकड साधारण त्याच सुमारास वाढू लागते. वाशिमच्या वैद्यकीय महाविद्यालयातील पहिल्या तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडतील, तेव्हा त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात छातीवर दोन-तीन जुने व्रण असलेले तरुण येऊ लागतील, आणि त्यांच्या हातात बहुधा वेगवेगळ्या शहरांतील तीन वेगवेगळ्या फायली असतील.